चार दिवस आधी कळतं, मग निघत का नाही?

जून उजाडला की आईचा अलिबागहून फोन येतो आणि प्रश्न ठरलेला: "वादळ येणार हे तुम्हाला चार-चार दिवस आधी कळतं ना? मग गाडी काढून सरळ निघायचं. नकाशे कसले बघत बसता?" तिचं चुकत नाही. २०२०च्या ३ जूनला निसर्ग वादळाने आमच्या वाडीतल्या पोफळी आडव्या केल्या, त्या तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यात. माझा मुक्काम मात्र फ्लोरिडात, टँपाला. इथे वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, म्हणजे सहा महिने असंच चालायचं.

कळतं काय, ते आधी सांगते. मायामीचं राष्ट्रीय हरिकेन (म्हणजे चक्रीवादळ) केंद्र दर सहा तासांनी बुलेटिन काढतं: पहाटे पाच, सकाळी अकरा, संध्याकाळी पाच, रात्री अकरा. किनाऱ्याला इशारा लागला की अधेमधे, दर तीन तासांनी. रात्री अकराचं बुलेटिन येतं तेव्हा आईकडे सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. ती चहा घेऊन बसलेली असते आणि मी डोळे ताणून.

बुलेटिनच्या नकाशावर वादळाच्या मध्याची अंदाजे वाट दाखवणारी रेष असते आणि तिच्याभोवती एक पांढरा कोन असतो. भूमितीतला नव्हे, आइस्क्रीमचा. लोक तो बघतात आणि म्हणतात, "आपण बाहेर आहोत, सुटलो." पण हा कोन वादळाचा आकार नाही. गेल्या पाच वर्षांत अंदाज किती चुकले, त्यावरून त्याची रुंदी ठरते, आणि मोसमभर प्रत्येक वादळाला रुंदी तीच. वादळाचा मध्य साधारण तीनपैकी दोन वेळा त्या कोनात राहतो. तिसऱ्या वेळी नाही. वारा, पाऊस आणि समुद्राचं पाणी तर कोनाला विचारतच नाहीत.

हे मला २०२४ने शिकवलं. २६ सप्टेंबरला हेलीन वादळ आमच्या पश्चिमेकडून, दीडशेहून जास्त किलोमीटर लांबून, समुद्रातूनच वर गेलं आणि रात्री उत्तरेला बिग बेंड भागात धडकलं. आमच्याकडे वारा बेताचा होता. पण टँपाच्या खाडीत पाणी इतकं चढलं की जुने उच्चांक मोडले. खाडीलगत राहणारं आमच्या ओळखीचं एक कुटुंब "रेष लांब आहे" म्हणून घरीच थांबलं होतं. गुडघाभर पाण्यात त्यांनी रात्र काढली.

आणि दोन आठवड्यांनी मिल्टन. ५ ऑक्टोबरला नाव मिळालं, ७ तारखेला पाचव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीचं झालं. रेष थेट आमच्यावर. हेलीनने भिजवलेल्या गाद्या, कपाटं, गालिचे अजून रस्त्याच्या कडेला ढिगाने पडलेले, आणि आता ते उडतील याची धास्ती. मग ९ ऑक्टोबरच्या रात्री ते दक्षिणेला सिएस्टा की नावाच्या बेटावर उतरलं. उत्तर गोलार्धात वादळं घड्याळाच्या उलट फिरतात, त्यामुळे मध्याच्या उत्तरेला राहिलेल्या आमच्याकडे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहिला आणि खाडीतलं पाणी चक्क ओढून बाहेर काढलं. मध्य थोडा उत्तरेला सरकला असता, तर तेच पाणी घरात असतं. समुद्र आत आला नाही, तरी शेजारच्या सेंट पीटर्सबर्गला एका दिवसात अठरा इंचांवर पाऊस पडला आणि तिथल्या बेसबॉल स्टेडियमचं छप्पर फाटून गेलं.

म्हणून आता मी मधली रेष बघतच नाही. आधी आपला इव्हॅक्युएशन झोन, म्हणजे घर सोडायच्या आदेशासाठी आखलेला विभाग, कोणता ते बघते, मग पाण्याचा अंदाज. इकडचे लोक म्हणतात, पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. श्रेणी तर फक्त वाऱ्याच्या वेगावरून ठरते. तिला पाण्याचं काहीच माहीत नसतं, हे टीव्हीवाल्यांना कोणीतरी सांगायला हवं.

राहिला आईचा प्रश्न. निघतो ना आम्ही! पाणी येणार असलं की निघतो. सगळ्या टँपाला एकाच दिवशी निघायचं असतं, पेट्रोल पंप कोरडे पडतात, पण निघतो. मिल्टनला आम्ही ऑर्लँडो गाठलं. वादळ रात्रीतून अख्खा फ्लोरिडा ओलांडून ऑर्लँडोच्या दक्षिणेने अटलांटिककडे गेलं. हॉटेलची वीज गेली, आणि मोबाइलच्या उजेडात मी आईला खुशाली कळवली.

"म्हणजे," ती म्हणाली, "ते तुमच्या मागोमाग आलं!"