मुंगीची पावलं

वाळवण राखायचं काम आमच्या घरात माझ्याकडं असतं, कारण मी 'तसाही बसूनच असतो'. परवा सांगलीत गच्चीवर कुरडयांशेजारी बसलो होतो. एकचं ऊन. कावळेसुद्धा सावलीला गेलेले. तेवढ्यात एक मुंगळा डोक्याएवढा तुकडा तोंडात धरून टाकीच्या दिशेनं निघाला. त्या फरशीवर चप्पल काढायची माझी छाती नव्हती.

सहारातली कॅटाग्लिफिस मुंगी म्हणे अशाच उन्हात बाहेर पडते, उष्म्यानं मेलेले किडे गोळा करायला. एकटीच. जाताना वेडीवाकडी हिंडते, किडा सापडला की घराकडं सरळ रेघ. दिशा आभाळातल्या उजेडावरून धरते आणि अंतर चक्क पावलांवरून! 2006 साली काही शास्त्रज्ञांनी ट्युनिशियातल्या अशा मुंग्यांना बिळापासून दहा मीटरवर पकडलं आणि पायांना डुकराचे राठ केस चिकटवून उंच केलं. त्या घर ओलांडून पंधरा मीटरपर्यंत गेल्या आणि तिथं बीळ शोधत बसल्या. ज्यांचे पाय आखूड केले, त्या अलीकडंच थांबल्या. पुढं त्याच नव्या पायांनी बिळातून निघाल्या, तेव्हा मात्र बरोबर घरी आल्या.

हे वाचलं आणि मला आमचे दोन चुलते आठवले. आटपाडीकडं आमचं रान. थोरले तात्या ताडमाड, धाकटे आण्णा बुटके. बांधाचं भांडण निघालं की दोघंही पावलं टाकून रान मोजायचे. तात्यांचं भरायचं ऐंशी, आण्णांचं शंभरावर.
"तुझ्या ढांगंनं मोजायचं व्हय रं?" आण्णा कडाडायचे.
आज्जी ज्वारी पाखडता पाखडता म्हणायची, "मोजा, मोजा. मुंगीचं बीळ कुठल्या बाजूला येतंय तेबी बघा."

मलाही मोजायची खोड तिथलीच. अजून जिने मोजूनच चढतो. मध्ये कुणी हाक मारली की चिडतो. शाळेपासून घर तेव्हा सहाशे चाळीस पावलं होतं. गेल्या दिवाळीत परत मोजलं, तर चारशे दहालाच उंबरा आला. उरलेली दोनशे तीस तशीच पुढं टाकली असती तर थेट त्या बांधावर पोचलो असतो.

बांध आता नाही. दोघांनी मिळून रान विकलं. मोजायला माणूस यंत्र घेऊन आला होता म्हणे.