लघुकोन

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

आज चौथं शोरूम झालं आणि चौथ्यांदा तेच वाक्य ऐकलं. "सर, तुम्हाला काय, तुम्हाला कुठलीही चालेल!"

म्हणणारा मुलगा साडेपाच फुटांचा असेल. त्याच्या जागेवरून तो बरोबरच बोलत होता. अ‍ॅडव्हेंचर मोटरसायकल, म्हणजे खडबडीत रस्त्यांवरही चालणारी उंच गाडी, बघायला येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न "पाय टेकतील ना?" हाच असतो. माझे टेकतात. दोन्ही टेकतात, टाचेसकट, आणि तरी गुडघे वाकलेलेच राहतात. सहा फूट पाच इंच उंचीच्या माणसाला जमीन ही अडचण कधीच नव्हती. अडचण जमिनीच्या बरीच वर सुरू होते, आणि तिच्याबद्दल माहितीपत्रकात एक ओळही नसते.

जुनी गाडी विकायचं कारण उजवा गुडघा. सात वर्षं चालवली, गाडी अजून ठणठणीत आहे. दोन तास झाले की मात्र वाटीखाली कुणीतरी खिळा ठोकल्यासारखं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "पाय इतका दुमडून किती वेळ बसता?" मी म्हटलं, मी कुठे बसतोय, मी गाडी चालवतो. ते नुसते बघत राहिले.

पुढच्या जूनमध्ये स्पितीला जायचं आहे. शिमला, किन्नौर, काझा, आणि त्याच रस्त्याने परत. घरापासून घरापर्यंत साडेचार हजार किलोमीटरच्या खाली येत नाही. गाडी ठरली पाहिजे.


रविवार, ९ नोव्हेंबर

सकाळी बायकोला शिलाईची टेप घेऊन पार्किंगमध्ये नेलं. शेजारचे काका गॅलरीतून बघत होते. त्यांना वाटलं असणार, गाडीला झबलं शिवतायत.

मोजायचं होतं ते सीटपासून फूटरेस्टपर्यंतचं अंतर. गाडी मधल्या स्टँडवर, मी वर बसलेला, बायको खाली उकिडवी. ४९ सेंटिमीटर. माझी नडगी टाचेपासून गुडघ्यापर्यंत ५८. म्हणजे पायाला मावायला जागाच नाही, तो कुठेतरी दुमडणारच. बायकोने बाजूने फोटो काढला, लेकीने त्याची प्रिंट काढून कंपासपेटीतला कोनमापक लावला. ढोपर, गुडघा, घोटा अशा रेषा ओढल्या. ढोपर म्हणजेच गुडघा हे तिला कळल्यावर खुब्यापासून पुन्हा ओढल्या.

"चौऱ्याहत्तर अंश. लघुकोन आहे, बाबा."

खुर्चीवर बसल्यावर काटकोन होतो, बरं वाटतं. सात वर्षं मी लघुकोनात कोकण पालथं घातलं आणि दोष वयाला देत राहिलो.


मंगळवार, ११ नोव्हेंबर

रात्री वहीत आकडे उतरवले. गाड्यांचे आकडे वाचत बसण्यात एक वेगळंच सुख आहे, बायको त्याला जपमाळ म्हणते.

सीटची उंची: यझदी अ‍ॅडव्हेंचर ८१५ मिलिमीटर. सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स ८३५, ट्रायम्फ स्क्रॅम्बलर ४०० एक्सही तितकीच. नवी केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर ८३०. गंमत म्हणजे तिच्याआधीची ८५५ होती, म्हणजे आपल्याकडची सीट खालीच येत चालली आहे. दुकानदारांच्या बाजूने बघितलं तर चूक नाही, ज्यांचे पाय टेकत नाहीत ते गिऱ्हाईक जास्त. रॉयल एनफील्डच्या हिमालयन ४५० ला ८२५, आणि तीच सीट उचलून वरच्या खाचेत बसवली की ८४५. सगळ्यांच्या वर हीरोची एक्सपल्स २०० प्रो, ८९१! बसून पाहिली होती. पहिल्यांदा आयुष्यात एखाद्या गाडीवर पाय टाकताना टांग नीट उचलावी लागली, अगदी सन्मान झाल्यासारखं वाटलं. पण २०० सीसी, मागे बायको, दोन बॅगा आणि गुजरात-राजस्थानचा सरळसोट हायवे. नको. एकट्याने सह्याद्रीत हुंदडायला मात्र तीच घेतली असती.

मोठ्या गाड्यांवरही पानभर लिहिलं. सुझुकी व्ही-स्ट्रॉम ८०० डीई, सीट ८५५, टाकी २० लिटर. बसल्याबसल्या कळतं की ही माणसाच्या मापाची आहे, म्हणजे माझ्यासारख्या माणसाच्या. पण वजन २३० किलो, आणि किंमत बघून पान उलटलं. जीएसटीचा फटका वेगळा. २२ सप्टेंबरपासून ३५० सीसीपर्यंत १८ टक्के आणि वर ४० टक्के. सरकारच्या मते ३५१ व्या सीसीपासून चैन सुरू होते.

लिहिता लिहिता एक गोष्ट लक्षात आली. हे सगळे आकडे जमिनीपासून मोजलेले आहेत. मला हवा आहे तो आकडा फूटरेस्टपासून मोजायचा आहे, आणि तो कुणी छापत नाही. सीट ८४५ असली आणि फूटरेस्टही त्याच प्रमाणात वर गेलेला असला, तर माझ्या गुडघ्याला काय फरक पडला? खडकांवरून जायचं म्हणून अ‍ॅडव्हेंचर गाड्यांचं पोट उंच ठेवतात, त्याबरोबर फूटरेस्टही वर जातो. त्यामुळे नुसती उंच दिसणारी गाडी ऐसपैस असेलच असं नाही.

उरल्या दोन. हिमालयन आणि केटीएम.


रविवार, १६ नोव्हेंबर

काल-आज भाड्याने हिमालयन ४५० घेऊन हरिहरेश्वरला जाऊन आलो. शोरूमच्या टेस्ट राइडवर माझा विश्वास नाही. दहा मिनिटांत कुठलाही गुडघा दुखत नाही.

निघायच्या आधी सीट वरच्या खाचेत बसवून घेतली. मुळशीपर्यंत काहीच जाणवलं नाही. न जाणवणं हीच बातमी होती, पण ती माणगावला चहाला थांबल्यावर कळली. गाडीवरून उतरलो आणि सरळ टपरीकडे चालत गेलो. एरवी उतरल्यावर अर्धा मिनिट टाकीला धरून उभा असतो, जणू काही गाडीचं कौतुक करतोय. बायको म्हणाली, "आज नाटक नाही?"

ताम्हिणीत रस्ता उखडलेला होता तिथे उभं राहून चालवलं आणि दुसरं दुखणं भेटलं. उभा राहिलो की हँडल मांड्यांपाशी राहतं. मग पाठ वाकवायची, मान वर काढायची, म्हणजे थेट कासव. हे गाडीचं नाही, माझ्या उंचीचं गणित आहे. हँडलखाली अडीच-तीन सेंटिमीटरचा रायझर, म्हणजे हँडल वर उचलणारा तुकडा, टाकला की बरंच सुधारतं. त्याहून वर गेलं तर क्लचची केबल आणि ब्रेकचा होज ताणला जातो. रायझर टाकल्यावर हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण फिरवून बघायचं, केबल कुठे ओढली जात नाही ना. हे एका जुन्या मेकॅनिकने शिकवलं होतं.

वाऱ्याचंही तसंच. पुढची काच शोभेसाठी लावत नाहीत, वारा छातीवरून वर उडवायला लावतात. साधारण उंचीच्या माणसाच्या डोक्यावरून तो निघून जातो. माझ्या बाबतीत तो उडतो आणि बरोबर हेल्मेटच्या हनुवटीखाली येऊन फुटतो. ऐंशीला हेल्मेटचा ताशा होतो. तपासायची युक्ती सोपी आहे: सरळ रस्त्यावर चालत्या गाडीवर चार बोटं खाली वाकायचं, मग चार बोटं वर व्हायचं. वर झाल्यावर आवाज एकदम शांत झाला, तर काच आखूड करायची, नाहीतर काढून टाकायची. सरळ छातीवर येणारा वारा दमवतो, पण डोकं बडवत नाही. मी वर होऊन बघितलं. शांत. लोक उंच काच घेतात, मी बहुतेक कापून घेईन.

आणि इथेच सगळं एकमेकांत अडकतं. गुडघ्यासाठी सीट तीन सेंटिमीटर वर केली की डोकं तीन सेंटिमीटर वर वाऱ्यात, हँडल तीन सेंटिमीटर खाली, आरशात रस्त्याऐवजी स्वतःचं कोपर. फूटरेस्ट खाली घेतला तर हे काही होत नाही, पण मग वळणावर तो लवकर घासतो, दगडाला लागतो, आणि गिअर नि ब्रेकची दांडीही त्याच्याबरोबर खाली आणावी लागते. एक ओढलं की दुसरं उघडं पडतं. लहानपणी माझं पांघरूण असंच होतं.

एक कबूल करायला हवं. बागमांडल्याहून वेसवीला जाणाऱ्या जेट्टीवर, ओल्या शेवाळलेल्या उतारावरून गाडी बोटीत चढवताना, माझे दोन्ही पाय जमिनीवर सपाट होते. मागे बायको बसलेली होती, उतरवलीसुद्धा नाही. शेजारचा मुलगा एका पायाच्या बोटांवर तोल सावरत होता, त्याला खलाशाने मागून धरलं. त्याक्षणी मला शोरूममधला तो पोरगा आठवला. तुम्हाला काय, तुम्हाला कुठलीही चालेल.

बायकोचं मत: सीट मऊ, धक्के कमी, पण "स्पितीत मला फक्त तुझी पाठ दिसणार." हे दुरुस्त करायला कुठला रायझर नाही.


बुधवार, १९ नोव्हेंबर

केटीएमही अर्धा दिवस मिळाली. सडपातळ आहे, टाकी मांड्यांमध्ये अडत नाही, पुढचं सस्पेन्शन हातानेच हवं तसं कमी-जास्त करता येतं. ४६ पीएस ताकद हिमालयनच्या ४० पेक्षा हाताला लगेच कळते. पस्तिशीत असतो तर वही इथेच मिटली असती. पण टाकी १४.५ लिटर, हिमालयनची १७. किन्नौरमध्ये पोवारीचा पंप सोडला की पुढे काझापर्यंत भरवसा नाही, आणि मी थंडीत कॅन घेऊन पेट्रोल ओतणारा माणूस नाही. शिवाय केटीएमवर बसलं की ती जोरात जाऊया म्हणते, मला हवी होती हळू जाऊया म्हणणारी. हे कुठल्याही कोनमापकाने मोजता येत नाही, म्हणून वहीत वेगळं लिहून ठेवतो.


शनिवार, २२ नोव्हेंबर

कपड्यांचं एक वेगळंच रडगाणं. रायडिंग पँटमधला गुडघ्याचा पॅड बसल्यावर माझ्या मांडीवर येतो. म्हणजे पडलो तर मांडी सुरक्षित. जॅकेटची बाही मनगटाच्या आधीच संपते. बूट बारा नंबरचे, दुकानदार आधी हसतो, मग "मागवावे लागतील" म्हणतो.

नाना पेठेत सीटवाल्याकडे गेलो. गाडी अजून घेतली नाही म्हटल्यावरही त्याने वेळ दिला. म्हणाला, फोम नुसता वर भरू नका, तासाभरात बसतो आणि तुम्ही होता तिथेच येता. कडक फोम, आणि मागचा चढ कापून सीट सपाट करा, म्हणजे तुम्हाला मागे सरकता येईल. गुडघ्याला उंचीपेक्षा मागची जागा जास्त उपयोगी. टेप, प्रिंट, वही घेऊन गेलेल्या माझ्या दोन आठवड्यांत हे सुचलं नव्हतं. मागे सरकलं की तोच फूटरेस्ट लांब जातो! कंपनीची सपाट रॅली सीट मिळते तीही त्याच विचाराची. पण मी मागे सरकणार ते बायकोच्या जागेत. तिला अजून सांगितलेलं नाही.


रविवार, ३० नोव्हेंबर

काल हिमालयन बुक केली. रायझर, सपाट सीट, काच कापायची, आणि फूटरेस्ट दोन सेंटिमीटर खाली, हे चारही एकदम करायचे नाहीत. एकेक करून हजार किलोमीटर चालवायची, मग पुढचं.

आज वडिलांना, अण्णांना, सांगायला घरी गेलो. अठ्ठ्याहत्तरचे आहेत. तरुणपणी सहा-तीन होते, आता मोजू देत नाहीत. लेकीने कौतुकाने कोनमापकाची प्रिंट दाखवली. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितली. मग म्हणाले, "माझ्या स्कूटरवर तर गुडघे हँडलला लागायचे."

मी म्हटलं, मग वळायचात कसे?

"उजवीकडे वळायचं असलं की उजवा गुडघा बाहेर काढायचा. डावीकडे असलं की डावा. बावीस वर्षं."

मी त्या स्कूटरवर पुढे उभा राहून शाळेत जायचो. तो बाहेर काढलेला गुडघा मला स्वच्छ आठवतो. मला वाटायचं, अण्णांची ती स्टाईल आहे. पाचवीत सायकल मिळाल्यावर कितीतरी दिवस मीही प्रत्येक वळणावर गुडघा बाहेर काढायचो. सायकलला त्याची काही गरज नव्हती.