ऊसतोडीला गेलेल्यांची लेक, तिचं लसीकरण कार्ड आणि शाळा: माझा अनुभव

आमच्या बीड जिल्ह्यात दिवाळीच्या आसपास गावंच्या गावं ओस पडतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी टोळीबरोबर सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाकडे जातात. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मग परत येतात. माझे दीर-जाऊ दरवर्षी जातात. यंदा थोरलीला त्यांनी फडावर नेलं नाही, पहिलीत घालायला आमच्याकडे तालुक्याला ठेवलं. धाकटं अंगावर पितंय, ते आईबरोबर गेलं. शाळेचं आणि दवाखान्याचं सगळं माझ्याकडे आलं. अशी लेकरं सांभाळणाऱ्या आज्या, काकवा, आत्या आपल्याकडे घरोघर आहेत, म्हणून हे सविस्तर लिहिते.

शाळेत मोठ्या बाईंनी (मुख्याध्यापिकांनी) जन्मदाखला, आधार आणि लसीकरणाचं कार्ड मागितलं. कार्ड मागच्या हंगामात खोपीत भिजून गेलं होतं. बाई म्हणाल्या, "कार्डापायी प्रवेश अडत नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयाचा पुरावा नसला तरी लेकराला परत पाठवता येत नाही. पण कार्ड करून घ्याच. वर्गात लेकरं खेटून बसतात, एकाचं दुसऱ्याला लागायला वेळ लागत नाही." राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येतं, त्याच्या आत कागद हातात असावा एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मला ते पटलं.

आमच्या आशाताईंना, म्हणजे आरोग्यसेविका आशांना, विचारलं तर त्या म्हणाल्या, "घाबरू नका वहिनी. डोस जिथं दिले तिथल्या रजिस्टरला नोंद असते. दिराच्या गावच्या उपकेंद्रात जा आणि तिच्या आईचं नाव सांगा. पोरीचं नाव तेव्हा ठेवलेलंही नसेल." ही गोष्ट फार कामाची निघाली. रजिस्टरला खरंच आईच्या नावापुढं नुसतं 'स्त्री' लिहिलेलं होतं.

सिस्टरांनी जुनं रजिस्टर काढून रेघेवर पट्टी ठेवली आणि एकेक रकाना वाचून दाखवला. जन्मल्यावरचे बीसीजी (क्षयरोगाची लस), पोलिओ आणि कावीळ ब. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस). नऊ महिने झाल्यावरचा गोवर-रुबेला. तिथून पुढं रकाने कोरे. सोळा ते चोवीस महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताची लस) पहिला बूस्टर, म्हणजे जोर टिकवणारा पुढचा डोस, असतो, आणि त्या वयात पोरगी कारखान्यावर होती. पोरीचा डावा दंड बघून सिस्टर म्हणाल्या, "हा बीसीजीचा वण. बाकी लसींचा असा वण राहत नाही, त्याला कागदच लागतो."

जावेला फोन लावला. ती म्हणाली, "वहिनी, तिकडं नर्सबाई खोपीवर आल्या होत्या, दोन सुया दिल्या, चिठ्ठी दिली." चिठ्ठी पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत निघाली. जावेचा साधा फोन, म्हणून ट्रॅक्टरवाल्याच्या मोबाइलवरून फोटो आला. चिठ्ठीला हळदीचा डाग, घडीवर शाई पुसटलेली, पण तारीख, लसींची नावं आणि आरोग्य केंद्राचा शिक्का वाचता येत होता. सिस्टरांनी तो धरला आणि नव्या कार्डावर सगळं उतरवून दिलं. चिठ्ठी मिळाली नसती तर काय, हेही मी विचारलं. त्या म्हणाल्या की नोंद नाही तो डोस दिलाच नाही असं धरायचं. राहिलेलाच द्यायचा, पहिल्यापासून सुरू करायचं नाही, आणि चुकून एखादा दुबार गेला तरी त्यानं लेकराला अपाय होत नाही. कितीतरी घरांत 'एक चुकला, आता काय उपयोग' म्हणून पुढचे डोस सोडून देतात. तसं अजिबात करू नये.

राहिला पाच-सहा वर्षांचा डीपीटीचा दुसरा बूस्टर. तो सात वर्षं पूर्ण व्हायच्या आत घ्यायचा असतो. लसीकरणाचा दिवस ठरला आणि नेमका पोरीला ताप भरला. दुसऱ्या दिवशी पोटावर, पाठीवर पाण्याचे फोड. कांजिण्या.

सासूबाईंनी दाराला कडुलिंबाचा पाला लावला, घरात फोडणी बंद केली. त्यांच्या श्रद्धेला मी हात लावला नाही. पण दवाखान्यात नेलंच. डॉक्टरांनी तापाला पॅरासिटामॉल दिलं, ॲस्पिरिन अजिबात द्यायचं नाही असं बजावलं, नखं कापायला आणि अंग स्वच्छ ठेवायला सांगितलं. सासूबाई आंघोळीला नको म्हणत होत्या. कोमट पाण्यात कडुलिंबाचा पाला घालून घालते म्हटल्यावर त्यांनीच पाणी तापवलं. कांजिण्यांची लस सरकारी वेळापत्रकात नाही, त्यामुळं कार्ड पूर्ण असलं तरी हे येऊ शकतं, हेही डॉक्टरांकडूनच कळलं.

शाळेत लगेच कळवलं ते बरं झालं. फोड उठायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच कांजिण्या दुसऱ्याला लागतात, म्हणजे पोरगी वर्गात होती तेव्हाच त्या पसरायला लागल्या असणार. मोठ्या बाईंनी शेजारच्या मुलींच्या घरी निरोप धाडले. शाळेतल्या एक शिक्षिका गरोदर होत्या आणि त्यांना लहानपणी कांजिण्या आलेल्या नव्हत्या. त्यांना त्याच दिवशी दुसऱ्या वर्गावर पाठवलं आणि डॉक्टरांना दाखवून यायला सांगितलं. गरोदरपणात कांजिण्या आई आणि बाळ दोघांनाही धोक्याच्या. आजारी लेकरू घरी ठेवायचा नियम कुणाकुणासाठी असतो, ते तेव्हा मला नीट उमगलं.

शाळेचा नियम बाईंनी स्पष्ट सांगितला. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी. गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस, गालफुगीत गाल सुजल्यापासून पाच दिवस. हजेरीपायी लेकरू पाठवू नका, बुडालेला अभ्यास आम्ही घेऊ, असं त्या म्हणाल्या आणि त्यांनी तसा तो घेतलाही. पोरगी परत गेली त्या दिवशी त्यांनी दारातच बाही वर करून खपल्या बघितल्या, मगच वर्गात बसवली.

पूर्ण बरी झाल्यावर पुढच्या लसीकरणाला बूस्टर घेतला. सुईनंतर अर्धा तास तिथंच बसवून ठेवलं. रात्री दंड दुखला, थोडी कणकण आली, सकाळी खेळायला लागली. कार्डावर आता दहाव्या वर्षीचा टीडी (धनुर्वात आणि घटसर्पाची लस) तेवढा जवळचा दिसतोय.

धाकट्याला हंगामातच नऊ महिने पूर्ण होणार होते. त्याचं कार्ड जावेनं बरोबर नेलंय, पण ते पेटीच्या तळाशी जाऊ नये म्हणून मी फोन करत राहिले. कार्डाची एक झेरॉक्स माझ्याकडे ठेवलीय. परवा जावेचा फोन आला, नर्सबाई खोप्यांवर येऊन गेल्या, गोवर-रुबेलाची सुई उजव्या दंडात दिली आणि कार्डावर लिहिलं. मी तारीख विचारून घेतली आणि माझ्या झेरॉक्सवर लिहून ठेवली.