झाकण उडालं की सराव बंद

शहरातल्या रस्त्यावर फॉर्म्युला वन भरवायची तर कठडे उभारणं वेळखाऊ, पण समजायला सोपं. मोनॅकोत ३.३ किलोमीटरच्या मार्गासाठी सुमारे ३३ किलोमीटर लोखंडी कठडे लागतात. उभारणीला साधारण सहा आठवडे, काढायला तीन. खरी डोकेदुखी पायाखाली असते: गटारांची, पाण्याच्या व्हॉल्व्हची झाकणं.

रोजच्या रहदारीत ही झाकणं स्वतःच्या वजनावर बसून राहतात. रेसिंग कारचं मात्र उलटं. तिच्या तळाखालून हवा जोरात धावते, तिथला दाब घटतो आणि गाडी रस्त्याला चिकटते. तोच कमी दाब झाकणाला वर ओढतो. म्हणून झाकण चौकटीला वेल्डिंग करून पक्कं करतात.

तेवढ्यानं भागत नाही. २०२३ साली लास व्हेगासमध्ये व्हॉल्व्हच्या झाकणाभोवतीची काँक्रीटची चौकटच निखळली आणि कार्लोस साइन्झच्या फेरारीचा तळ फुटला. पहिला सराव आठ-नऊ मिनिटांत थांबला. मग इतर झाकणं तपासून खड्ड्यांत डांबर भरलं. दुसरा सराव सुरू झाला पहाटे अडीचला, प्रेक्षकांना घरी पाठवून. या धडकेमुळे बॅटरी बदलावी लागली म्हणून साइन्झलाच शिवाय शर्यत सुरू होतानाच्या रांगेत दहा जागा मागे जाण्याची शिक्षा! नियम म्हणजे नियम, पण हा अजबच.

थोडक्यात, वेल्डिंग तपासताना झाकणावर हातोडी मारून थांबू नये. भोवतीच्या काँक्रीटला केसाएवढी भेग असेल, तरी ती चौकट उखडून नव्यानंच बसवावी.