मी सोडलेलं नाही

काल इथल्या 'सानंद' संस्थेच्या नाटकाच्या मध्यंतरात काकू भेटल्या. "लिहिणं का गं सोडलंस? छान चाललं होतं की!" मी नुसतंच हसले. तेवढ्यात घंटा झाली. पुढच्या अंकात रंगमंचावर काय झालं ते मला आठवत नाही.

मी सोडलेलं नाही. हे वाक्य रात्रभर डोक्यात फिरत होतं.

पुण्याच्या मासिकातलं माझं सदर बंद झाल्याचं मला अंक हातात पडल्यावर कळलं. पुण्याहून इंदूरला टपालाने अंक यायला वेळ लागतो, म्हणजे तिकडच्या वाचकांना माझ्याआधी समजलं. माझ्या पानावर दुसरंच सदर. पुढच्या दोन अंकांचे लेख मी पाठवून ठेवलेत, ते मिळाल्याची पोचही आहे. आता फोन कुणी उचलत नाही. मुद्रितं तपासणाऱ्या मावशींनाही असंच थांबवलंय. त्यांचं तर घर त्यावर... जाऊ दे.

वहिनी म्हणते, "तुझी नोकरी होती का? मग काढलं कसं म्हणतेस?" तिचं चूक नाही, आणि तेच जास्त लागतंय. १९५५च्या श्रमिक पत्रकार कायद्यात संपादकाला काढायचं तर सहा महिन्यांची नोटीस आणि बाकीच्या पत्रकारांना तीन महिन्यांची, असं लिहिलेलं होतं. फीचर लिहिणारे, व्यंगचित्रकार, मुद्रितशोधक, सगळे त्यात धरलेले. पण नोकरीवर असतील तर. लेखामागे मानधन घेणाऱ्याला कुणी नेमलेलंच नसतं, म्हणून त्याला काढावंही लागत नाही. आम्ही परवडतो ते यामुळेच. २०२३ साली 'नॅशनल जिओग्राफिक'ने पगारी लेखकांपैकी उरलेल्या सगळ्यांना घरी पाठवलं, यापुढे लेख बाहेरच्यांकडून घ्यायचे ठरले. तेव्हा मला त्या लेखकांचं वाईट वाटलं होतं. आज त्या बाहेरच्यांचं वाटतंय.

दुपारी जुने अंक काढून बसले आणि रडू आलं ते थांबेचना. घरात लग्न असो की आजारपण, लेख वेळेवर गेला नाही असं कधी झालं नाही. आईच्या वेळीसुद्धा. त्या महिन्यात काय लिहिलं होतं ते आज वाचवलं नाही.

संध्याकाळी जरा शांत झाले. सदर काय, कधीतरी संपणारच. वर्गणीदार घटलेत, कागद महागलाय, नव्या लोकांनाही जागा मिळायला हवी. पान कुणाला द्यायचं ते संपादकांनी ठरवावं, तो अधिकार त्यांचा आहे आणि मला तो मान्य आहे. पण अंक छापायला जाण्याआधी दोन ओळींचं पत्र यायला हवं होतं. एवढी माझी त्यांच्याकडे ओळख नक्की होती.

आता मीच पत्र लिहून ठेवलंय. छापलेल्या लेखांचं थकलेलं मानधन द्या. न छापलेले दोन्ही लेख मी परत घेते आणि दुसरीकडे देते. त्यांचा हक्क मी कुणाला लिहून दिलेला नाही, तो माझाच आहे. आणि पुढच्या अंकात एक ओळ छापा, की सदर थांबवायचा निर्णय मासिकाचा होता. मावशींच्या राहिलेल्या बिलाचंही त्यात लिहावं असं मनात आहे. त्यांना चालेल का, ते उद्या सकाळी फोन करून विचारते आणि मग पत्र टाकते.