दहा मिनिटे थांबा

१ जुलै २०१८ रोजी, आठवडे बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. त्यानंतरच्या आठवड्यात, मी उपनिरीक्षक म्हणून काम करत होते त्या ठाण्यातला फोन क्षणभरही शांत राहत नव्हता.

त्याच आठवड्यात एके दिवशी सकाळी मी ठाण्यात पोहोचले तेव्हा बाकावर एक बाई आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन बसली होती. तक्रार द्यायची आहे, पण बाईमाणसाजवळच, एवढेच ती म्हणाली. मी कागद पुढे ओढला, तोच फोन आला : एका गावात टोळीतली बाई पकडली आहे, लोक ऐकत नाहीत. "दहा मिनिटे थांबा," असे त्या माउलीला सांगून मी गाडीत बसले.

गावाच्या चावडीवर दोनेकशे माणसे जमली होती आणि त्यांच्या मध्यभागी होती जुन्या कपड्यांवर भांडी देणारी एक बोहारीण. लोकांनी तिचे गाठोडे सोडले होते. त्यात साड्या, दोन पँटी आणि लहान मुलाचा शाळेचा गणवेश निघाला, आणि तो गणवेश हाच त्यांच्या लेखी पुरावा ठरला. तो ज्या घरातून तिने विकत घेतला होता ते घर त्याच गल्लीत होते, तरीही त्या घरातली बाई पुढे येऊन बोलायला अर्धा तास लागला. प्रत्येकाच्या मोबाइलवर मोटारसायकलवरून मूल उचलून नेणाऱ्यांची तीच चित्रफीत होती. ती मुळात कराचीतल्या एका जनजागृती मोहिमेची असून तिच्या शेवटी मूल परत आणून सोडतात, हे मी सांगितले. पण तो शेवट कापलेला होता आणि लोकांनी पाहिले होते तेवढेच त्यांना खरे वाटत होते.

त्यानंतर आणखी दोन गावांतून तसेच फोन आले आणि दोन्ही ठिकाणी काहीच निघाले नाही. मी ठाण्यात परतले तेव्हा साडेसहा वाजले होते. माय-लेकी त्याच बाकावर होत्या.

बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या 'पोक्सो' कायद्यानुसार बालकाचा जबाब शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेशात नसताना घ्यायचा असतो, आणि आमच्या ठाण्यात तशी मी एकटीच होते. कपडे बदलून मी दोघींना त्यांच्या घरी घेऊन गेले आणि तिथेच जबाब घेतला. आरोपी मुलीचा सख्खा काका होता. अशा गुन्ह्यांत बहुतेक वेळा आरोपी ओळखीतलाच असतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल दरवर्षी सांगतात, त्यामुळे मला नवल वाटले नाही. अंगावर काटा आला तो आईच्या पुढच्या वाक्याने : "टोळी फिरतेय म्हणत होते सगळे, म्हणून शेतावर जाताना हिला दिरांकडे ठेवत होते मी."

रात्री गुन्हा दाखल झाला आणि काकाला ताब्यात घेतले. घरी निघताना एका वाहिनीच्या स्थानिक प्रतिनिधीचा फोन आला. टोळी किती जणांची, हे त्याला हवे होते. टोळी नाहीच, असे मी सांगितल्यावर त्याचा उत्साह मावळला. पीडितेची ओळख पटेल असे काहीही मला सांगता येणार नव्हते, आणि त्यानेही दुसरा गुन्हा कोणता म्हणून विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी एका दैनिकात बोहारणीचा फोटो होता आणि त्यावर 'टोळीतील महिला ताब्यात?' असे प्रश्नचिन्हासह ठळक छापले होते. आम्ही तर तिला आदल्या दुपारीच गाठोड्यासकट एसटीत बसवून दिले होते.