इप्पोन, निहोन, साम्बोन

आज दुपारी ड्रॉवर आवरताना पेनं मोजत होते आणि तोंडातून आपोआप 'इप्पोन, निहोन, साम्बोन' निघालं. कॉलेजातल्या त्या जपानी कोर्सला आता वीसेक वर्षं झाली असतील, बाकी सगळं वाहून गेलं आणि हे तेवढं तळाशी राहिलंय. लांबट वस्तू मोजायची असेल तर आकड्याला होन जोडायचं, कागदासारखं सपाट काही असेल तर माई, पुस्तकं असतील तर सात्सु आणि मांजर असेल तर हिकी. एक ते दहा पाठ करून खूश व्हावं तर पुढच्या धड्यात कळतं की नुसत्या त्या आकड्यांनी पेनसुद्धा मोजता येत नाही. त्यात निहोन म्हणजे दोन पेनं आणि निहोन म्हणजे जपान, फरक काय तो सुरात.

सुरुवात मात्र फार लाडाची झाली होती. अ इ उ ए ओ, मग का सा ता ना हा मा या रा वा, म्हणजे आपलीच बाराखडी थोडी विरळ केलेली (संस्कृत शिकलेल्या बौद्ध भिक्षूंमुळे हा क्रम तसा आलाय म्हणे). क्रियापद शेवटी, 'नो' लावला की चा-ची-चे एका दमात, आणि 'जातो-जाते'ची भानगडच नाही, सगळ्यांना इकिमासु. पहिले पंधरा दिवस आम्हाला वाटत होतं की ही मराठीच आहे, फक्त शब्द बदललेत. वर्गात एक काळे होता, त्यांच्यात ळ नाही आणि लही नाही, त्यामुळे त्याचं झालं कारे, आणि मग सेन्सेई, म्हणजे आमच्या बाई, अगदी आदराने 'कारे-सान' म्हणायच्या आणि मागच्या बाकावरून कोणीतरी 'काही नाही रे' म्हणायचं. रोज. रोज हसायचो.

मग काताकाना ही दुसरी लिपी आली. पहिल्या लिपीची, हिरागानाची, ४६ अक्षरं जेमतेम गिरवून होतात तोवर त्याच आवाजांची परत ४६, आणि त्यात ते शि आणि त्सु. दोन बारक्या रेघा आणि एक लांब, शिमधली लांब रेघ खालून वर जाते आणि त्सुमधली वरून खाली येते, आणि दोघंही वहीतून माझ्याकडे बघून हसतायत असंच वाटायचं. डिक्टेशनमध्ये मी मुद्दाम मधलंच काहीतरी काढायचे, सेन्सेईंनी हवं ते समजून घ्यावं म्हणून. त्या काही न बोलता लाल पेनने शेजारी दोन्ही लिहून द्यायच्या, सावकाश, रेघेला बारके बाण काढून.

लहानपणी धाकट्या भावाला मी घ आणि ध शिकवायचे. तो 'घर'चं 'धर' लिहायचा, ओल्या बोटाने पाटी पुसायचा आणि परत 'धर'च लिहायचा, आणि मी त्याच्या हातावर पट्टी मारून ओरडायचे, अरे दिसत नाही का तुला! बाण वगैरे कधी काढून दाखवले नाहीत. त्याला आता यातलं काही आठवत नाही म्हणतो.

कांजी, म्हणजे चिनीतून घेतलेली अक्षरं, तर सोडाच, रोजच्या वापराच्या सरकारी यादीतच २१३६ आहेत, आमची गाडी शंभरच्या आसपास थांबली.

असो. तर योनहोन, गोहोन, आणि सहाव्याला अडले. रोकुहोन नाही, तिथे काहीतरी बदलतं, तोंडावर येतंय पण येत नाहीये. सहावं पेन तसंही उठत नव्हतं, टाकून दिलं.